तीन मिनिटांची तबकडी, दोनदा: जुन्या जॅझची घरगुती बैठक कशी भरवावी

जुन्या जॅझचं वेड बहुतेकांच्या वाट्याला एकट्यानेच येतं. घरातले सवयीने दार लोटून घेतात. मित्र म्हणतात, "छान आहे रे, पण सगळं सारखंच वाटतं." मग वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून १९२५ च्या शिकागोत आणि १९३७ च्या न्यूयॉर्कमध्ये एकट्याने फिरत राहायचं. हे वेड आता चार जणांत वाटून घ्यायचं आहे, पण बैठक भरवायची कशी ते ठाऊक नाही, अशांसाठी हा लेख आहे. कुणाला अशा बैठकीचं पहिलंच बोलावणं आलं असेल, तर त्यालाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

ही पद्धत तशी जुनी आहे. १९३२ मध्ये पॅरिसमध्ये 'हॉट क्लब द फ्रान्स' सुरू झाला आणि १९३३ मध्ये लंडनमध्ये पहिला 'रिदम क्लब'. रिदम क्लबात संध्याकाळी एक सभासद आपल्या निवडक तबकड्या घेऊन यायचा, प्रत्येकीबद्दल थोडं बोलायचा, ग्रामोफोनवर लावायचा आणि बाकीचे ऐकायचे. अमेरिकेतले वादक क्वचित यायचे आणि तबकड्या महाग होत्या, त्यामुळे एकाकडे असलेली रेकॉर्ड दहा जणांनी ऐकायची ही सोय होती. आता सगळंच सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, तरी माझ्या मते ही पद्धत आज जास्त गरजेची आहे. फोनमध्ये सगळं असतं म्हणूनच तीन मिनिटं सलग कुणी काही ऐकत नाही.

सगळ्या पायऱ्यांचं सार आधीच सांगून ठेवतो: कमी वाजवा, दोनदा वाजवा, आणि वाजत असताना गप्प बसा.

पहिली पायरी: माणसं

चार ते आठ. त्याहून जास्त झाली की पार्टी होते आणि जॅझ मागच्या भिंतीला जाऊन उभा राहतो.

आठांतले दोन-तीन जण पूर्ण नवखे असावेत. हा शिष्टाचाराचा भाग नाही, तुमच्याच फायद्याचा आहे. सगळे जुने मुरलेले असले की पहिल्या वीस मिनिटांत गप्पा मॅट्रिक्स नंबरांवर (म्हणजे तबकडीवर कोरलेल्या रेकॉर्डिंगच्या क्रमांकांवर) आणि कोणत्या टेकमध्ये क्लॅरिनेट चुकलंय यावर घसरतात. नवखा माणूस विचारतो, "हे सगळे एकाच वेळी वेगवेगळं वाजवतायत, तरी गोंधळ कसा होत नाही?" न्यू ऑर्लिन्सच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या धाटणीच्या, जॅझबद्दल याहून चांगला प्रश्न नाही, आणि जुन्या रसिकाने तो विचारून कैक वर्षं झालेली असतात.

शास्त्रीय संगीत ऐकणारे, नाट्यसंगीतावर वाढलेले, भजनी मंडळात पखवाज वाजवणारे यांना आवर्जून बोलवा. त्यांचे कान लयीला तयार असतात. 'मला इंग्रजी गाणी कळत नाहीत' ही सबब ऐकून घेऊ नका, कारण यादीतल्या बहुतेक तबकड्यांत शब्दच नाहीत.

दुसरी पायरी: आठच तबकड्या

दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचं संगीत मावायचं. लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आली १९४८ मध्ये. म्हणजे आपण ज्याला जुना जॅझ म्हणतो तो जवळजवळ सगळा तीन मिनिटांत बसवलेला आहे. क्लबात हेच वादक एक गाणं दहा-पंधरा मिनिटंही वाजवत असतील, पण स्टुडिओत लाल दिवा लागला की तीन मिनिटांत सुरुवात, बढत आणि शेवट. त्यामुळे या तबकड्यांत फालतू सेकंद फार कमी सापडतात, आणि म्हणूनच त्या एकदा ऐकून पुरत नाहीत.

आठ तबकड्या, प्रत्येक दोनदा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. मधल्या गप्पा धरून दीड तास. याच्या पुढे कान थकतात. यादीत वीस गाणी ठेवायचा मोह होईल, कारण इतकी वर्षं साठवलेलं सगळं एकाच संध्याकाळी दाखवायचं असतं. बाकीची बारा पुढच्या बैठकीला ठेवा.

दोनदा ऐकण्याची रीत अशी. पहिल्यांदा लावताना फक्त कलाकाराचं नाव, साल आणि गाव सांगायचं. संपलं की एखादं मिनिट कुणी काय ऐकलं ते बोलायचं. मग यजमानाने एकच गोष्ट दाखवून द्यायची, 'आता फक्त बॅन्जोकडे लक्ष द्या' किंवा 'शेवटच्या अर्ध्या मिनिटात ट्रम्पेट काय करतो बघा', आणि तीच तबकडी पुन्हा लावायची. एकच गोष्ट. चार सांगितल्या की माणसं परीक्षेला बसल्यासारखी ऐकतात.

तिसरी पायरी: एक कागद

प्रत्येक तबकडीसाठी पाच ओळी लिहून काढा: गाण्याचं नाव, रेकॉर्डिंगची तारीख, शहर, कंपनी आणि वादकांची नावं, कोण काय वाजवतं यासकट. जुन्या लेबलांवर बहुतेक वेळा फक्त बँडचं नाव असायचं, आत कोण वाजवतंय ते शोधून काढणं रसिकांच्याच वाट्याला आलं. फ्रान्समध्ये शार्ल दलोने याने १९३६ मध्ये अशी वादकनिहाय सूची छापली तेव्हा कुठे या कामाला शिस्त आली.

फोनवरच्या तारखांवर विश्वास ठेवू नका. १९२७ च्या रेकॉर्डिंगखाली सर्रास '२००३' लिहिलेलं असतं, कारण ते साल सीडीचं असतं. त्याहून मोठी फसगत म्हणजे एकाच कलाकाराने तेच गाणं पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलेलं असतं आणि शोधल्यावर भलतंच वर येतं. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' हवं असेल तर ते १९२८ चंच आहे ना हे पाहून घ्या, नंतरचीही आहेत. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने चालवलेली अमेरिकन ऐतिहासिक रेकॉर्डिंगांची सूची मोफत पाहता येते. तारीख आणि वादक तिथे पडताळून घ्यावेत.

चौथी पायरी: आवाज

महागडी यंत्रणा लागत नाही. हे रेकॉर्डिंग मोनो आहे, एक बरा स्पीकर पुरतो. तो जमिनीवर न ठेवता बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. फोनचं शफल आणि ऑटोप्ले बंद करा, नाहीतर गायिका बेसी स्मिथची तबकडी संपता संपता भलतंच काहीतरी सुरू होतं आणि खोलीतली हवा जाते.

पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या प्रतीवर खर्चा. जुन्या तबकडीवरून नवी प्रत करताना खरखर काढण्याच्या नादात काही कंपन्या वरचे सूरही पुसून टाकतात. झांज कापसात गुंडाळल्यासारखी वाटली की समजायचं, सफाई जरा जास्तच झालीय. मागच्या काळात काही कंपन्यांनी मोनो रेकॉर्डिंगला खोटं स्टिरिओ करून विकलं, तेही टाळा. इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस हे या कामातलं मानाचं नाव. त्यांनी तयार केलेला आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या बँडांचा चार सीडींचा संच 'जेएसपी' कंपनीने काढला होता, तो कुठे मिळाला तर सोडू नका. थोडी खरखर राहू द्यावी. दोन मिनिटांत कान ती विसरतो.

१९२५ हे साल लक्षात ठेवा. त्याच्या आधी वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचे, त्यानंतर मायक्रोफोन आला. कर्ण्याच्या काळात ढोल नीट पकडला जात नसे, त्यामुळे १९२३ च्या किंग ऑलिव्हरच्या तबकड्यांवर ठेका ऐकू येत नाही म्हणून नवखे बिचकतात. इतिहासाच्या क्रमाने, जॅझची पहिली तबकडी निघाली त्या १९१७ पासून सुरुवात करायचा आग्रह मी म्हणूनच धरत नाही. आधी ऐकू येणारं ऐकवा. माणसं टिकली की मग मागे जा.

पाचवी पायरी: मोजायला शिकवा

इथे जरा थांबू, कारण मराठी श्रोत्याला आयती मिळालेली शिदोरी हीच आहे.

बारा बारचा ब्लूज म्हणजे प्रत्येकी चार मात्रांचे बारा खण, एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. त्याचे सरळ तीन भाग पडतात, सोळा-सोळा मात्रांचे. तीनतालाची तीन आवर्तनं मोजता येणाऱ्या माणसाला ब्लूज मोजता येतो. गाण्यात शब्द असले तर पहिल्या सोळा मात्रांत एक ओळ येते, दुसऱ्या सोळांत तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या सोळांत तिचं उत्तर. प्रत्येक ओळ साधारण अर्ध्यावर संपते आणि उरलेल्या जागेत एखादं वाद्य बोलतं.

आता फरक. तबल्याचा ठेका आपल्याला बोलांवरून सांगतो की आपण कुठे आहोत. इथे ते काम स्वरगुच्छ, म्हणजे एकत्र वाजणारे सूर (कॉर्ड), करतात. साध्या ब्लूजमध्ये पहिले चार बार सा वर उभे असतात, पाचवा-सहावा म वर जातो, सातवा-आठवा परत सा, नववा-दहावा प कडे, आणि शेवटचे दोन घरी. पेटीवर सा, म, प धरून कुणी एकदा दाखवलं तर पाच मिनिटांत खोलीतल्या सगळ्यांना ही ये-जा ऐकू येऊ लागते. हे पूर्ण अठ्ठेचाळीस मात्रांचं चक्र म्हणजे एक आवर्तन. जॅझवाले त्याला कोरस म्हणतात. एकल वादक अशा चक्रांवर उपज करतो आणि बाकीचे चक्र चालू ठेवतात. गजर, लेहरा, बंदिश ऐकलेल्या माणसाला याहून जास्त सिद्धान्त पहिल्या दिवशी लागत नाही.

एक सवय मात्र मोडावी लागते. आपला हात समेवर पडतो. स्विंगमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. सगळ्यांनी पायाने चारही मात्रा धराव्यात आणि चुटकी दोन-चारवर वाजवावी. पहिल्यांदा हसू येतं, कारण अर्धी खोली घसरून पुन्हा एक-तीनवर जाते. जाऊ द्या. काउंट बेसीच्या बँडवर हा सराव सगळ्यात सोपा, ढोलवाला जो जोन्स हाय-हॅटवर (पायाने दाबायच्या जोडझांजेवर) तीच जागा दाखवत असतो.

मोजणं जमलं की 'वेस्ट एंड ब्लूज' लावा. २८ जून १९२८, शिकागो, ओके कंपनी. धून किंग ऑलिव्हरची, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या गुरूची. सुरुवातीला साथ नाही, ठेका नाही, एकटा ट्रम्पेट बारा-पंधरा सेकंद. चार ठाम सूर, मग वर चढत जाणारी आणि खाली झेपावणारी तान. इथे मोजायचं नाही. सगळे वादक एकत्र आले की मोजायला लागा. पाच आवर्तनं आहेत, प्रत्येक सुमारे अर्ध्या मिनिटाचं. पहिल्यात ट्रम्पेटवर मूळ धून. दुसऱ्यात फ्रेड रॉबिन्सनचा ट्रॉम्बोन, आणि मागे झटी सिंगलटनची झांज घोड्याच्या टापांसारखी टकटक करते. तिसऱ्यात जिमी स्ट्राँगचं क्लॅरिनेट खालच्या सुरांत एक वाक्य म्हणतं आणि आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय, नुसत्या गळ्याने त्याला उत्तर देतो. कुठे आवाज चढवत नाही, तान मारत नाही, आणि हीच या तबकडीची सगळ्यात हळवी जागा आहे. चौथं आवर्तन अर्ल हाइन्सच्या पियानोचं. पाचव्यात ट्रम्पेट एक वरचा सूर धरतो आणि जवळजवळ चार बार सोडतच नाही. खाली मात्रा चालू आहेत, स्वरगुच्छ बदलायला आलेत, आणि हा तिथेच. दुसऱ्यांदा लावताना एवढंच सांगा: त्या सुराच्या मात्रा मोजा. सूर सुटतो तेव्हा कुणाच्या तरी तोंडून 'वा' निघतं. ही दाद चालेल. वाजत असताना गप्प राहण्याच्या नियमाला एवढा अपवाद आपल्या मैफलींच्या सवयीमुळे ठेवावा लागतो.

सहावी पायरी: पहिल्या संध्याकाळची यादी

माझी यादी अशी. तुमची वेगळी असली तरी हरकत नाही, फक्त प्रत्येक तबकडीला बोट ठेवायला एक जागा हवी.

सुरुवात बेसी स्मिथच्या 'सेंट लुई ब्लूज'ने, जानेवारी १९२५. साथीला दोनच जण: कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखंच, जरा आखूड वाद्य) आर्मस्ट्राँग आणि हार्मोनियमवर फ्रेड लाँगशॉ. होय, हार्मोनियमच. संगीत नाटकांतला ऑर्गन ऐकत मोठं झालेल्यांचे कान इथे टवकारतात. बेसी ओळ संपवते आणि कॉर्नेट तिचं बोलणं पुढे नेतो, अगदी गायिकेमागून पेटीवाल्याने जागा भरावी तसा.

मग जेली रोल मॉर्टनचं 'ब्लॅक बॉटम स्टॉम्प', सप्टेंबर १९२६. बोट ठेवायचं ते 'ब्रेक'वर: अख्खा बँड अचानक थांबतो, एकटा वादक ती रिकामी जागा भरतो आणि सगळे नेमके एकत्र परततात. समेवर येण्याचा आनंद ज्याला ठाऊक आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. हा मॉर्टन मोठा फुशारकीखोर होता. जॅझचा शोध १९०२ साली मीच लावला असं त्याने जाहीरपणे लिहिलं होतं. तबकडी ऐकल्यावर त्याला माफ करावंसं वाटतं.

तिसरी 'सिंगिंग द ब्लूज', फेब्रुवारी १९२७. नावात ब्लूज असला तरी हा बारा बारचा नाही, मोजणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. आधी फ्रँकी ट्रम्बाउअरचा सॅक्सोफोन, मग बिक्स बायडरबेकचा कॉर्नेट. आर्मस्ट्राँगच्या पेटलेल्या आवाजानंतर हे शांत, सावरून बोललेलं वाटतं. बिक्स अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. ट्रम्बाउअरचं नाव कागदावर अधोरेखित करा, ते पुढे लागणार आहे.

ड्यूक एलिंग्टनच्या बँडचं 'ब्लॅक अँड टॅन फँटसी' १९२७ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांसाठी वाजवलं गेलं, त्यातलं व्हिक्टरचं घ्या. बबर मायलीचा ट्रम्पेट गुरगुरतो, रडतो, कण्हतो. ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडावर तो प्लंबरच्या पंपाची रबरी वाटी उघडझाप करत असे. शेवटी शोपँच्या शवयात्रेच्या संगीताचा तुकडा येतो. तो कुणी ओळखतं का पाहा.

पाचवं 'वेस्ट एंड ब्लूज'. त्यानंतर चहा. चहा इथेच, आधी नाही.

चहानंतर काउंट बेसीचं 'वन ओ'क्लॉक जंप', १९३७, चुटकीच्या सरावासाठी. सातवं 'धिस इयर्स किसेस', तेही १९३७ चं, पियानोवादक टेडी विल्सनच्या नावाने निघालेलं. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन धून मांडतो आणि मग बिली हॉलिडे तीच धून गाते. दोघांचं बोलणं इतकं सारखं आहे की वाद्य संपून गळा कधी सुरू झाला याचं थोडं नवल वाटतं. लेस्टर यंगवर प्रभाव होता ट्रम्बाउअरचा, त्याने तो स्वतः सांगितला आहे. कागदावरच्या अधोरेखित नावापाशी परत जा आणि तिसऱ्या तबकडीचा सॅक्सोफोन वीस सेकंद पुन्हा ऐकवा. दहा वर्षांचा पूल डोळ्यांसमोर उभा राहतो.

शेवटी कोलमन हॉकिन्सचं 'बॉडी अँड सोल', ११ ऑक्टोबर १९३९. हे चार भागांचं गाणं: अ, अ, ब, अ, प्रत्येकी आठ बार. हॉकिन्स दोन आवर्तनं वाजवतो आणि मूळ चाल पहिल्या काही बारांत नुसती सुचवून सोडून देतो. उरलेलं सगळं विस्तार. चाल न वाजवता त्या चालीचं गाणं करायचं म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं दाखवणारी तीन मिनिटं मला माहीत नाहीत. ही तबकडी त्या काळात लोकांनी हौसेने विकत घेतली, हेही सांगा.

बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट' पहिल्या यादीत घालू नका. ते गाणं अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमावाने झाडाला लटकवून मारण्याबद्दल आहे. चहाबिस्किटांच्या मध्ये ते वाजू नये. ज्या दिवशी लावाल त्या दिवशी आधी तो इतिहास सांगा आणि नंतर दुसरं काही लावू नका. तसाच एक संदर्भ एलिंग्टनचाही आहे: न्यूयॉर्कच्या ज्या कॉटन क्लबात तो १९२७ पासून वाजवत होता, तिथे मंचावर कृष्णवर्णीय आणि ग्राहक गोरे, असाच दंडक होता.

सातवी पायरी: बोलणं आणि भांडणं

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून निवड इतरांवर सोपवा. प्रत्येकाने एक तबकडी आणावी आणि ती का आणली ते दोन वाक्यांत सांगावं. यजमानाने मध्ये पुस्ती जोडू नये. हे जमायला सगळ्यात अवघड.

बैठक रंगवायची असेल तर नाव न सांगता तबकडी लावा आणि कोण वाजवतंय, कधीचं आहे ते ओळखायला सांगा. समीक्षक लेनर्ड फेदर याने १९४६ पासून मोठमोठ्या वादकांना हा खेळ खेळायला लावला होता आणि त्यात भलेभले चुकले, त्यामुळे कुणी लाजायचं कारण नाही. हा खेळ पूर्वग्रह छान उघडे पाडतो. 'मला बिग बँड आवडत नाही' म्हणणारा नेमका त्यालाच दाद देऊन बसतो.

भांडणं होणारच. १९४० च्या दशकात अमेरिकेत जुन्या धाटणीचे न्यू ऑर्लिन्सवाले आणि त्या वेळच्या नव्या धाटणीचे बीबॉपवाले मासिकांतून एकमेकांवर तुटून पडले होते. जुन्यांना 'बुरसटलेली अंजिरं' म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. तुमच्याकडेही कुणी बीबॉपचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणेल आणि कुणी नाक मुरडेल. अशा वेळी वाद तोंडाने न घालता तबकडीने घाला: पार्करच्या आधी लेस्टर यंग लावा, मग दोघांत किती अंतर आहे ते सगळ्यांनी मिळून ऐका.

आठवी पायरी: मुंबईची संध्याकाळ

तीन-चार बैठका झाल्या की ही जरूर करा. हा धागा ओढून-ताणून जोडलेला नाही, तबकड्यांवरच दिसतो.

पहिली तबकडी १९२६ ची, शिकागोतल्या अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदाचं 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो'. ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँग, आणि पियानोवर धुमाकूळ घालणारा टेडी वेदरफर्ड. त्याच वर्षी वेदरफर्ड आशियाकडे निघाला आणि पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड चालवू लागला. १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने त्याचा अंत झाला. कोलकात्यात त्याने केलेली रेकॉर्डिंगं उपलब्ध आहेत, त्यातलं एखादं दुसऱ्या क्रमांकाला लावा.

तिसरी एलिंग्टनची 'क्रिओल लव्ह कॉल', १९२७. ॲडलेड हॉल शब्दांशिवाय गाते, आपल्या कानांना ते आलापीच्या जवळचं वाटतं. या तबकडीवर क्लॅरिनेट वाजवणारा रुडी जॅक्सन १९३५ मध्ये लिऑन ॲबीच्या बँडबरोबर मुंबईला आला. ॲबीच्या बँडमधला कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ तर त्याहून जुना, पहिल्या महायुद्धाच्या आधी जेम्स रीज युरोप नावाच्या बँडप्रमुखाच्या वाद्यवृंदात वाजवलेला. हे लोक ताजमध्ये वाजवत होते आणि गोव्याचे तरुण वादक त्यांच्याकडून समोरासमोर शिकत होते.

त्या वादकांपैकी हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट. त्याला 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. त्याच्या बँडची तबकडी चौथी. आणि पाचवं सी. रामचंद्र यांचं 'अलबेला' (१९५१) मधलं कोणतंही नाचतं गाणं. चिक चॉकलेट तिथे सी. रामचंद्रांच्या साथीला होता, बँडसकट पडद्यावरही दिसतो. पुणतांब्याचे चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि हळदोण्याचा वाझ एका स्टुडिओत बसून काय करत होते, हे शिकागोपासून क्रमाने ऐकल्यावर जसं कळतं तसं एरवी कळत नाही. नवखे पाहुणे इथे हमखास म्हणतात, "अरे, हे तर आपलंच आहे की!" त्यांना लगेच दुरुस्त करू नका, ट्रम्पेट पुन्हा ऐकवा.

पुढची पिढी हवी असेल तर ब्राझ गोन्साल्विसचा सॅक्सोफोन आहे, आणि १९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनात भरलेल्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाची आठवण सांगणारं कुणी ना कुणी ओळखीत निघतंच. त्या वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आला होता. अशा एखाद्या काकांना बोलवा आणि त्यांना वेळ द्या.

नववी पायरी: खऱ्या तबकड्या, हौस असेल तर

बैठकीला त्यांची गरज नाही. पण हात शिवशिवतातच, म्हणून थोडक्यात.

मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट ही जुनी जागा. तिथे चकाकत्या पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन स्वस्तात दिसला तर पुढे चालू लागा. तो बहुधा शोभेसाठी नव्याने जोडलेला असतो आणि तबकडी खरवडतो. ७८ ची तबकडी लाँग प्लेच्या सुईवर लावू नये. तिची खाच रुंद असते, साधारण तीन मिल (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल) जाडीची वेगळी सुई लागते. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई दर बाजूला बदलायची. या तबकड्या लाखेच्या (ती लाख बहुतेक आपल्याकडूनच जायची), त्यामुळे स्पिरिट किंवा अल्कोहोल लावून पुसल्या तर लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते. मऊ ब्रश, अगदीच लागलं तर जरासं पाणी, आणि लेबल कोरडं. आडव्या चळती रचू नका, उभ्या ठेवा. मुंबईतली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था प्रामुख्याने भारतीय संगीताची असली तरी तबकडी कशी हाताळावी हे शिकायला त्या मंडळींसारखी माणसं नाहीत.

घरातल्या बैठकीला परवान्याचा प्रश्न येत नाही. सभागृहात जाहीर कार्यक्रम करायचा झाला तर मात्र आधी चौकशी करा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, पण गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा असतो आणि तो अजून शिल्लक असू शकतो.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचा हेवा वाटतो. एडिसनहून नूअर्कला गेलं की रटगर्स विद्यापीठात इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीज आहे, जगातल्या मोठ्या जॅझ संग्रहांपैकी एक. क्वीन्समध्ये कोरोनाला आर्मस्ट्राँगचं घर संग्रहालय म्हणून उघडं आहे. मॅनहॅटनमध्ये १९३५ पासून चालू असलेला व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब आहे. सुट्टीत आलेल्या आईवडिलांना नायगारा दाखवून झाल्यावर त्यातलं एक तरी दाखवा.

बैठक संपताना पुढच्या वेळची तारीख आणि तबकडी कोण आणणार एवढं ठरवून घ्या. महिन्यातून एकदा पुरे. पहिल्या यादीतली एखादी तबकडी दर वेळी पुन्हा घ्या, कारण मधल्या काळात नवे लोक आलेले असतात आणि जुन्यांना आता दुसरंच काहीतरी ऐकू येतं. 'वेस्ट एंड ब्लूज'मध्ये तोवर कुणाचंही लक्ष बॅन्जोकडे गेलेलं नसतं. तो मॅन्सी कार वाजवतो.